‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ : एका इशाऱ्याचा इतिहास, बर्कलीपासून औंढा नागनाथपर्यंत

१/
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव महाराष्ट्राला ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक आहे आणि शेजारच्या नर्सीमुळे संत नामदेवांशी जोडले गेले आहे. गेल्या दशकात या तालुक्याला आणखी एक ओळख लाभली. दुधाळा गावाच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. हा धागा त्या वेधशाळेच्या खगोलशास्त्राचा नाही. तो तिच्या विद्याशाखेतील अभियंत्यालाही आणि पदविकेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही संगणकाच्या पडद्यावर सारख्याच भेटणाऱ्या काही इशाऱ्यांचा आहे.

२/
या इशाऱ्यांचा प्रसंग सर्वत्र एकसारखा असतो. विद्यार्थी सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये डायोड, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर मांडतो, तारा जोडतो आणि ‘रन’ दाबतो. उत्तरादाखल आलेख येत नाही. ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’, ‘जीमिन स्टेपिंग फेल्ड’, ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ अशा इंग्रजी ओळी येतात. पुस्तकात हे शब्द नसतात. मग कोणाकडून तरी ‘रेलटोल’ नावाचा एक आकडा दहापट वाढवण्याचा सल्ला मिळतो. आकडा बदलतो, इशारा नाहीसा होतो, आलेख उमटतो आणि प्रयोगवहीत चिकटतो. तो आलेख खरा आहे की नाही, हा प्रश्न मात्र तेथेच विरून जातो. या ओळी कोणी, केव्हा आणि का लिहिल्या हे समजले, तर तो प्रश्न विरत नाही.

३/
कथेची सुरुवात १८४५ मध्ये होते. प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे गुस्ताव किरचॉफ हा विशीतला विद्यार्थी विद्युतप्रवाहाचे दोन नियम मांडतो. कोणत्याही जोडबिंदूत जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो. आणि कोणत्याही बंद वेटोळ्यात व्होल्टेजची बेरीज शून्य होते. आजचे प्रत्येक सिम्युलेटर मुळात हेच दोन नियम मांडते. प्रत्येक जोडबिंदूसाठी एक समीकरण, सर्व समीकरणांची मिळून एक सारणी, म्हणजे मॅट्रिक्स, आणि ती सोडवली की प्रत्येक बिंदूचे व्होल्टेज हाती. कागदावर तीन-चार बिंदूंचे गणित जमते. पन्नास बिंदू आणि त्यांत वीस ट्रान्झिस्टर आले की माणसाचा हात थांबतो.

४/
एकोणीसशे साठच्या दशकात नेमके हेच घडले. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर अनेक ट्रान्झिस्टर कोरलेली इंटिग्रेटेड सर्किट बाजारात आली. तोवर अभियंता सुटे भाग फळीवर जोडून परिपथ तपासत असे. आता ते पुरेना, कारण फळीवर जोडलेल्या सुट्या भागांचे वर्तन आणि सिलिकॉनमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या भागांचे वर्तन एकसारखे नसते. चूक सुधारायची तर नवी चकती तयार करावी लागे, आणि ती महाग असे. परिपथ बनवण्याआधी संगणकावर तपासण्याची गरज अशी निर्माण झाली.

५/
कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९६९-७० मध्ये रोनाल्ड रोहरर यांनी पदव्युत्तर वर्गाला एक विलक्षण अट घातली. वर्गाने मिळून एक सिम्युलेशन प्रोग्रॅम लिहायचा. तो विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांना पसंत पडला तर सारे उत्तीर्ण. न पडला तर सारे अनुत्तीर्ण. त्या वर्गात लॉरेन्स नेगेल हा विद्यार्थी होता. प्रोग्रॅम पसंत पडला. त्याला ‘कॅन्सर’ असे नाव मिळाले, आणि त्या आद्याक्षरांमध्ये ‘किरणोत्सार वगळून’ असे शब्द मुद्दाम गुंफलेले होते. त्या काळचे अनेक सिम्युलेटर लष्करी निधीतून लिहिले जात आणि किरणोत्साराचा परिपथांवरील परिणाम मोजण्याची सोय त्यांत मागितली जाई. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांतील बर्कलीने ती सोय नावासकट नाकारली.

६/
रोहरर विद्यापीठ सोडून गेल्यावर नेगेल पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली आले. पेडरसन यांची अट आणखी स्पष्ट होती: प्रोग्रॅम कोणाच्याही मालकीचा राहता कामा नये, मागेल त्याला तो मिळाला पाहिजे. नव्याने घडवलेल्या या प्रोग्रॅमचे नाव ‘स्पाइस’. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत तो जगापुढे मांडला गेला. विद्यापीठांनी तो घेतला, उद्योगांनी घेतला, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर तो पसरत गेला. आज वापरात असलेल्या बहुतेक सिम्युलेटरांच्या शब्दकळेत, सेटिंगमध्ये आणि इशाऱ्यांत १९७३ चा हा वंश दिसतो.

७/
त्या वंशाची पहिली खूण म्हणजे छिद्रपत्रे. बर्कलीच्या सीडीसी ६४०० संगणकाला परिपथ पडद्यावर काढून देता येत नसे. प्रत्येक भागाचे वर्णन एका पत्रावर छिद्रे पाडून लिहायचे आणि पत्रांची गड्डी यंत्रात घालायची. गड्डीचे पहिले पत्र कामाच्या शीर्षकाचे. म्हणून स्पाइसच्या नेटलिस्टमध्ये आजही पहिली ओळ शीर्षकच मानली जाते. हाताने नेटलिस्ट लिहिणारा नवखा पहिल्याच ओळीत व्होल्टेज स्रोत लिहितो. प्रोग्रॅम त्याला शीर्षक समजून पुढे जातो. आणि परिपथात स्रोतच नसल्याने सर्वत्र शून्य व्होल्टेज दिसते. बिघाड कोठेच नसतो. छिद्रपत्रांची एक रीत तेवढी मागे उरलेली असते.

८/
दुसरी खूण अधिक फसवी आहे. छिद्रपत्रांवर मोठीच इंग्रजी अक्षरे उमटत. त्यामुळे लहान ‘एम’ म्हणजे मिलि आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा हा भेद करता येत नसे. स्पाइसने ‘एम’ हे अक्षर मिलिसाठी राखले आणि मेगासाठी ‘एमईजी’ ही तीन अक्षरे ठरवली. आज एखाद्याने १ मेगओहमचा रोध म्हणून ‘१एम’ लिहिले तर सिम्युलेटर त्याला १ मिलिओहम समजते. फरक १०० कोटी पटींचा. इशारा येत नाही, कारण १ मिलिओहमचा रोध हाही नियमानुसार रोधच आहे. तसेच कपॅसिटरपुढे ‘१एफ’ लिहिले तर १ फॅरड नव्हे, १ फेम्टोफॅरड धरला जातो. तेथे ‘एफ’ एककाचा नसून उपसर्गाचा असतो.

९/
आता ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’. व्होल्टेज हे नेहमी दोन बिंदूंमधील अंतर असते. एखाद्या डोंगराची उंची सांगताना ती समुद्रसपाटीपासूनची आहे हे गृहीत असते. सपाटीच ठरली नसेल तर आकड्याला अर्थ नाही. परिपथातील ही समुद्रसपाटी म्हणजे ‘० क्रमांकाचा नोड’, ज्याला ग्राउंड म्हणतात. तो मांडला नाही तर समीकरणांना एकच एक उत्तर उरत नाही. असंख्य उत्तरे सारखीच बरोबर ठरतात. अशा सारणीला गणितात सिंग्युलर म्हणतात. शेतातल्या मोटारीचे अर्थिंग आणि हा ग्राउंड यांत गल्लत होऊ नये. अर्थिंग हे सुरक्षेसाठी असते. सिम्युलेटरचा ग्राउंड हे केवळ मोजणीचे आरंभस्थान आहे, आणि परिपथ बॅटरीवर चालणारा असला तरी ते लागतेच.

१०/
ग्राउंड मांडूनही हा इशारा येतो, तेव्हा विद्यार्थी अधिक गोंधळतो. दोन कपॅसिटर एकामागोमाग जोडले तर त्यांच्या मधला बिंदू स्थिर प्रवाहाच्या दृष्टीने अधांतरी असतो, कारण कपॅसिटरमधून स्थिर प्रवाह जात नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याचेही तसेच. प्राथमिक बाजूला ग्राउंड असला तरी दुय्यम बाजू त्यापासून अलग असते. इशाऱ्यात बहुधा त्या नोडचे नाव दिलेले असते. ते वाचून त्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत १ गिगओहमसारखा अतिशय मोठा रोध जोडला की वाट मिळते. ही पळवाट नव्हे. खऱ्या कपॅसिटरमधूनही थोडी गळती होतच असते. आदर्श कपॅसिटर मांडताना ती विसरली गेली होती.

११/
याच इशाऱ्याचे दुसरे कारण नेमके उलट असते. स्पाइसच्या पहिल्या आवृत्तीची गणिती पद्धत व्होल्टेज स्रोत आणि इंडक्टर यांच्याशी अवघडून वागे. १९७५ मध्ये आयबीएममधील हो, रुहली आणि ब्रेनन यांनी त्या पद्धतीत सुधारणा प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षीच्या नेगेल यांच्या प्रबंधातील ‘स्पाइस-२’ त्या वाटेने गेले. तरी एक मर्यादा राहिली, आणि ती निसर्गाचीच आहे. ५ व्होल्ट आणि ६ व्होल्टचे दोन आदर्श स्रोत समांतर जोडले तर उत्तर अस्तित्वातच नसते. आदर्श इंडक्टर थेट आदर्श स्रोतावर जोडला तर स्थिर प्रवाहासाठी तो शॉर्ट ठरतो. उपाय एकच: खऱ्या वेटोळ्यात असतो तो तारेचा रोध मांडणे.

१२/
येथवर सरळ रेषेची गणिते झाली. डायोड आणि ट्रान्झिस्टर आले की समीकरणे वाकडी होतात आणि थेट उत्तर काढता येत नाही. तेथे स्पाइस सतराव्या शतकाकडे वळते. न्यूटन यांनी १६६९ च्या हस्तलिखितात आणि जोसेफ राफसन यांनी १६९० मध्ये मांडलेली रीत अशी: आधी एक अंदाज करायचा, त्या अंदाजापाशी वक्राऐवजी सरळ स्पर्शरेषा धरायची, तिच्या आधारे सुधारित अंदाज काढायचा, आणि दोन अंदाजांत नगण्य फरक उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. अंदाज उत्तराजवळ असेल तर चार-पाच फेऱ्यांत काम होते. तो फार दूर असेल तर फेऱ्या भरकटतात. त्या भरकटण्याला सॉफ्टवेअर ‘नो कन्व्हर्जन्स’ म्हणते.

१३/
भरकटणे किती टोकाचे असू शकते, हे डायोड दाखवतो. डायोडमधील प्रवाह व्होल्टेजबरोबर घातांकी वेगाने वाढतो; साधारण प्रत्येक ६० मिलिव्होल्टला दहापट. स्पाइसच्या मूळ डायोडचा संपृक्त प्रवाह १०⁻¹⁴ अँपियर आहे आणि तापमान २७ अंश सेल्सिअस धरलेले आहे. पहिल्या अंदाजात या डायोडवर चुकून ५ व्होल्ट आले, तर समीकरण सुमारे १०⁷⁰ अँपियर प्रवाह सांगेल. असा प्रवाह विश्वात कोठे नाही. म्हणून स्पाइसच्या कर्त्यांनी प्रत्येक फेरीत डायोडवरील व्होल्टेजला मर्यादेपलीकडे उडी घेऊ न देण्याची तजवीज आत केली. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बिनबोभाट उत्तर देते, ते अशा लगामांमुळे.

१४/
लगाम पुरला नाही की सॉफ्टवेअर आणखी दोन वाटा आपोआप चोखाळते आणि त्यांची नोंद पडद्यावर देते. ‘जीमिन स्टेपिंग’ म्हणजे प्रत्येक अर्धवाहक सांध्याशेजारी एक काल्पनिक वाट मोठी करून परिपथ सोपा करायचा, उत्तर काढायचे, आणि ती वाट पायरीपायरीने बंद करत आणायची. ‘सोर्स स्टेपिंग’ म्हणजे सर्व स्रोत शून्यापासून हळूहळू चढवायचे. प्रयोगशाळेत नवे उपकरण थेट २३० व्होल्टला न जोडता डिमरस्टॅट फिरवत पुरवठा वाढवतात, तीच ही रीत. म्हणून ‘स्टार्टिंग जीमिन स्टेपिंग’ ही ओळ चुकीची नव्हे, प्रयत्नाची आहे. दोन्ही वाटा फसल्याची ओळ आली तरच खरी चौकशी सुरू करायची असते.

१५/
‘टाइमस्टेप टू स्मॉल’ हा इशारा काळाशी निगडित आहे. सिम्युलेटर काळ छोट्या पावलांनी पुढे नेते. बदल संथ असेल तर पाऊल मोठे, वेगवान असेल तर लहान. उत्तर जुळले नाही की पाऊल आखडून पुन्हा प्रयत्न होतो. परिपथात एखादा स्विच शून्य वेळात बंद होत असेल, तर पाऊल कितीही आखडले तरी उडी उडीच राहते आणि प्रोग्रॅम हात टेकतो. स्पाइसच्या मूळ डायोडची धारिता शून्य धरलेली आहे, हेही येथे आठवावे. खऱ्या डायोडमध्ये थोडी धारिता असते, खरा स्विच काही नॅनोसेकंद तरी घेतो. ते मांडले की इशारा बहुधा आपोआप शमतो.

१६/
यानंतर त्या प्रसिद्ध सेटिंगकडे. ‘रेलटोल’ ०.००१ म्हणजे उत्तरात एक हजारांश इतका सापेक्ष फरक चालेल. ‘व्हीएनटोल’ १ मायक्रोव्होल्ट, ‘ॲबस्टोल’ १ पिकोअँपियर, ‘जीमिन’ १०⁻¹² म्हो, आणि कार्यबिंदू शोधण्यासाठी १०० फेऱ्या. हे आकडे कोणत्याही निसर्गनियमातून आलेले नाहीत. सिलिकॉनवरील लहान परिपथांत जे प्रवाह आणि व्होल्टेज असतात, त्यांना साजेसे ते माणसांनी ठरवले. प्रोग्रॅमच्या नावातच ‘इंटिग्रेटेड सर्किटवर भर’ असे शब्द आहेत. त्या कामासाठी ते उत्तम आहेत; दुसऱ्या कामासाठी ते तपासून घ्यावे लागतात.

१७/
उदाहरणार्थ, मोटार चालवणारा इन्व्हर्टर. त्यात एका क्षणी १०० अँपियर वाहतात आणि दुसऱ्या क्षणी तीच शाखा बंद असते. बंद शाखेतील प्रवाह १ पिकोअँपियरपर्यंत अचूक मागणे म्हणजे १०० अँपियरच्या शेजारी चौदा अंकांची अचूकता मागणे. संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत एकूण पंधरा-सोळा अंकच असतात. येथे ‘ॲबस्टोल’ १ मायक्रोअँपियरपर्यंत सैल करणे रास्त ठरते आणि त्याचे कारण सांगता येते. ‘रेलटोल’ वाढवणे मात्र वेगळी गोष्ट. ते प्रत्येक प्रवाहाला आणि प्रत्येक व्होल्टेजला एकदम सैल करते. पहिल्यात परिपथ ओळखून घेतलेला निर्णय आहे; दुसऱ्यात केवळ इशाऱ्याचे तोंड बंद करणे आहे.

१८/
इशारा न देता आलेली चूक याहून घातक. स्पाइसमध्ये काळाचे कमाल पाऊल दिले नाही, तर छपाईचे पाऊल किंवा एकूण अवधीचा पन्नासावा भाग यांपैकी जे लहान ते धरले जाते. एखाद्याने १ सेकंदाचे सिम्युलेशन मागितले आणि छपाईचे पाऊलही मोठे ठेवले, तर कमाल पाऊल २० मिलिसेकंद होते. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तिचे एक पूर्ण आवर्तन नेमके २० मिलिसेकंदांचे. केवळ रोधांच्या परिपथात पाऊल आखडण्याचे कारणच नसल्याने लाट जवळजवळ दिसेनाशी होऊ शकते. कमाल पाऊल ०.१ मिलिसेकंद दिले की प्रत्येक आवर्तनात किमान २०० बिंदू मिळतात आणि लाट पुन्हा लाटेसारखी दिसते.

१९/
दुसरा मूक प्रसंग ऑसिलेटरचा. खऱ्या टेबलावरचा ऑसिलेटर चालू होतो, कारण प्रत्येक रोधात उष्णतेमुळे सूक्ष्म खळबळ असते आणि तीच वाढत जाते. सिम्युलेटरच्या साध्या काळ-विश्लेषणात ती खळबळ नसते. परिपथ तंतोतंत समतोलावर बसतो आणि सरळ रेषा दाखवत राहतो. विद्यार्थी भाग बदलत बसतो. वास्तविक गरज असते ती एका कपॅसिटरला आरंभीचे व्होल्टेज देण्याची किंवा पुरवठा शून्यापासून चढवण्याची. जे सिम्युलेटरला सांगितले नाही, ते त्याच्या जगात अस्तित्वातच नसते.

२०/
पेडरसन यांच्या मोकळ्या धोरणाचे फळ महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. फोर्ट्रानमधले स्पाइस १९८९ मध्ये थॉमस क्वार्ल्स यांनी सी भाषेत ‘स्पाइस-३’ म्हणून नव्याने लिहिले. त्यातून पुढे ‘एनजीस्पाइस’ हा मुक्त प्रकल्प निघाला. आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ प्रकल्पात, कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, एनजीस्पाइस आणि परिपथ रेखाटणारे ‘कायकॅड’ एकत्र बांधून आधी ‘ऑस्कॅड’ आणि नंतर ‘ईसिम’ हे मोफत साधन घडले. त्याच संस्थेत महेश पाटील यांनी ‘सीक्वेल’ हे स्वतंत्र सिम्युलेटर घडवले. आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ने सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. परवान्याचे पैसे नसलेल्या मराठवाड्यातील महाविद्यालयालाही त्यामुळे बर्कलीचा वारसा खुला झाला.

२१/
येथे कथा पुन्हा औंढ्याकडे वळते. लायगोच्या प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पकडलेल्या पहिल्या लहरीने ती लांबी सुमारे ४×१०⁻¹⁸ मीटरने बदलली. प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान असा हा बदल. तो प्रकाशाच्या रूपाने फोटोडायोडवर येतो आणि तेथून पुढे सारे काम इलेक्ट्रॉनिक परिपथांचे. १९२८ मध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलेली रोधाची औष्णिक खळबळ येथे शत्रू ठरते. साध्या १ किलोओहमच्या रोधातही, १ हर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ४ नॅनोव्होल्ट एवढी खळबळ असतेच.

२२/
या गरजेतून गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांनी स्वतःचे सिम्युलेटर घडवले. जर्मनीत गेर्हार्ड हाइन्झेल यांनी एकोणीसशे नव्वदच्या दशकात ‘लिसो’ लिहिले. १९९९ मध्ये, ज्या वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली हा नवा जिल्हा निघाला, त्याच वर्षी लिसोची विस्तृत पुस्तिका उपलब्ध होती. लिसो फक्त सरळ रेषेचे गणित करते: कोणत्या वारंवारतेला परिपथ किती वर्धन देतो आणि कोणता रोध, कोणता ऑपॲम्प किती खळबळ मिसळतो. पुढे पायथन भाषेत ‘झिरो’ हे साधन त्याच धर्तीवर आले. न्यूटन-राफसनच्या फेऱ्या नाहीत, म्हणून भरकटण्याचे इशारेही नाहीत.

२३/
पण इशारा नसणे म्हणजे चूक नसणे नव्हे, हे येथे सर्वांत स्पष्ट होते. सरळ रेषेच्या गणितात १००० पट वर्धनाच्या परिपथाला १ व्होल्ट दिला तर उत्तर १००० व्होल्ट येते, जरी ऑपॲम्पचा पुरवठा १५ व्होल्टचाच असला तरी. स्पाइसच्या ‘एसी’ विश्लेषणातही नेमके हेच घडते आणि नवखा तेथे चक्रावतो. सॉफ्टवेअर खोटे बोललेले नसते. त्याने ‘इतक्या सूक्ष्म संकेताला, याच कार्यबिंदूभोवती’ एवढ्यापुरतेच उत्तर दिलेले असते. ते गृहीतक कोणत्याही ओळीत छापले जात नाही. ते वापरणाऱ्याने जवळ बाळगायचे असते.

२४/
या इतिहासातून तपासणीचा क्रम आपोआप निघतो.
एक: इशारा पूर्ण वाचणे आणि त्यातील नोडचे नाव परिपथावर शोधणे.
दोन: ० क्रमांकाचा ग्राउंड आहे का, आणि प्रत्येक बिंदूला तेथवर स्थिर प्रवाहाची वाट आहे का, हे पाहणे.
तीन: एककांचे उपसर्ग, विशेषतः ‘एम’ आणि ‘एमईजी’, तपासणे.
चार: आदर्श भागांना खरा रोध, खरी धारिता, खरा चढ-उताराचा वेळ देणे.
पाच: काळाचे कमाल पाऊल ठरवणे.
सहा: सर्वांत शेवटी सेटिंगला हात लावणे, तोही कारण लिहून. आणि मग सेटिंग आणखी काटेकोर करून उत्तर तेच येते का, हे पाहणे.

२५/
पेडरसन २००४ मध्ये निवर्तले. स्पाइसला २०११ मध्ये आयईईईने अभियांत्रिकीच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून गौरवले. त्या गौरवात इशाऱ्यांचा उल्लेख सहसा होत नाही. पण प्रोग्रॅमचा प्रामाणिकपणा तेथेच आहे. उत्तर माहीत नसताना आकडा छापून मोकळे होणे सोपे होते. त्याऐवजी कोठे अडले हे सांगणारी ओळ लिहिली गेली, आणि पन्नास वर्षांनंतरही ती हिंगोलीतील एखाद्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर उमटते.

२६/
दुधाळ्याच्या माळावरील वेधशाळेत एक दिवस दोन कृष्णविवरांच्या मीलनाची खूण उमटेल, तेव्हा पहिला प्रश्न आनंदाचा नसेल. ही लहर खरी, की एखाद्या परिपथाची खळबळ, हा प्रश्न आधी विचारला जाईल. तो विचारण्याची सवय त्या दिवशी अचानक लागत नाही. ती पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत लागते, जेव्हा ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असे पडद्यावर येते आणि विद्यार्थी ‘रेलटोल’ न बदलता अधांतरी राहिलेला नोड शोधू लागतो.

(धागा समाप्त)